टर्बो लावलेली एमएक्स-५ तापते तेव्हा: कारण शोधण्याची क्रमवार पद्धत

माझ्याकडची माझ्दा एमएक्स-५ ही पहिल्या पिढीतली, १९९२ सालची, १.६ लिटर इंजिनाची गाडी आहे. कारखान्यातून बाहेर पडताना या इंजिनाची ताकद ११५ अश्वशक्तीच्या आसपास होती. टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र), इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारी जाळी) आणि नवा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) बसवल्यावर ती जवळजवळ दोनशेवर गेली. मी राहतो त्या अमिरातीत उन्हाळी दुपारी बाहेरचे तापमान ४५ अंशांपर्यंत सहज पोहोचते, आणि अल ऐनजवळच्या जबल हफीतचा सुमारे बारा किलोमीटरांचा चढ ही इथल्या गाडीवेड्यांची आवडती परीक्षा असते. टर्बोनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्या चढाच्या मध्यावर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे पाणी, ११४ अंशांवर गेले. त्यावर मी तेच केले जे बहुतेक जण करतात: मोठा, जाड, चकचकीत ॲल्युमिनियमचा रेडिएटर मागवला. पुढच्या आठवड्यात त्याच चढावर आकडा १११ होता. एवढ्या खर्चात तीन अंश पदरात पडले आणि खरे कारण जिथल्या तिथेच राहिले.

ते कारण शोधताना जो क्रम हाती लागला तो इथे सविस्तर देत आहे. उदाहरण एमएक्स-५ चे असले तरी ट्यून केलेली हॅचबॅक घेऊन एप्रिलमध्ये खंबाटकी किंवा वरंध घाट चढणाऱ्यालाही तो तसाच लागू पडेल, कारण इंजिनातली उष्णता बाहेर जाण्याची वाट सगळ्या गाड्यांत एकच आहे. इंजिन उष्णता निर्माण करते, पाणी ती रेडिएटरपर्यंत वाहून नेते, रेडिएटर ती हवेला देतो, आणि हे घडत असताना पाणी उकळू नये म्हणून सगळी व्यवस्था दाबाखाली बंद असते. या चारपैकी नेमके काय बिघडले आहे हे ठरेपर्यंत एकही सुटा भाग विकत घेऊ नये, हा माझा या लेखातला एकमेव हट्ट आहे.

आधी तापमान खरे आहे का ते पाहा

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विश्वास ठेवून निदान करू नये. चालकाने उगाच घाबरू नये म्हणून अनेक गाड्यांतला काटा मुद्दाम सुस्त केलेला असतो. कूलंट ८० अंशांवर असो की १०५ वर, तो मध्यावरच उभा राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ईसीयूतून मिळणारा आकडा लॉग करावा. नंतर बसवलेला ईसीयू असेल तर त्यात सेन्सरचे कोष्टक बरोबर भरले आहे ना, हे आधी तपासावे. थंड गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवून सकाळी इग्निशन चालू केले, तर कूलंटचा सेन्सर आणि आत येणाऱ्या हवेचा सेन्सर या दोघांनी जवळजवळ एकच तापमान दाखवायला हवे. त्यांच्यात आठ-दहा अंशांचा फरक असेल, तर तुमची गाडी तापत नसून तुमचा सेन्सर खोटे बोलत असण्याची शक्यता आहे.

दुसरी पडताळणी इन्फ्रारेड थर्मामीटरने होते. थर्मोस्टॅटच्या (पाणी गरम झाले की रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घराजवळ नेम धरून मोजायचे, पण उघड्या चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र खऱ्यापेक्षा बरेच कमी तापमान दाखवते. म्हणून मोजण्याच्या जागी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवावा किंवा मॅट काळ्या रंगाचा ठिपका द्यावा, आणि नेहमी त्याच ठिपक्यावर मोजावे. ही एक खबरदारी न घेतल्यामुळे रेडिएटरच्या दोन टोकांमध्ये तीस अंशांचा फरक आहे असे शपथेवर सांगणारे लोक मी पाहिले आहेत.

आणखी एक हिशेब या टप्प्यावरच करून ठेवावा. थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यानंतर, त्याच वेगाला आणि त्याच जोराला कूलंट बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ठरावीक अंशांनी वर राहते. जानेवारीत २० अंशांच्या हवेत चढावर ९५ अंश दाखवणारी गाडी बाहेरच्या हवेपेक्षा ७५ अंश वर आहे. हीच गाडी ४२ अंशांच्या हवेत ११७ च्या आसपास जाईल. हिवाळ्यात गाडी ठीक होती आणि उन्हाळ्यात अचानक बिघडली, असे म्हणणाऱ्यांच्या बाबतीत पुष्कळदा काहीही बिघडलेले नसते, शीतकरणाची क्षमता पहिल्यापासूनच अपुरी असते. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत बाहेरच्या हवेचे तापमान लिहावे. ते नसेल तर दोन दिवसांच्या आकड्यांची तुलना करता येत नाही.

गाडी केव्हा तापते ते लिहून काढा

निदानाचा निम्मा भाग याच पायरीत होतो आणि त्याला पान्याची गरज लागत नाही. चार चाचण्या कराव्यात आणि प्रत्येकीत कूलंट, आत येणारी हवा, आरपीएम, वेग आणि फॅन चालू आहे की नाही, हे सगळे लॉग करावे. पहिली चाचणी म्हणजे गाडी जागेवर वीस मिनिटे चालू ठेवणे, शेवटची दहा मिनिटे एसी लावून. दुसरी, ५० ते ६० च्या वेगाने सपाट रस्त्यावर. तिसरी, महामार्गावर १०० ते १२० च्या स्थिर वेगाने पंधरा मिनिटे. चौथी, लांब चढ.

जागेवर तापते पण रस्त्याला लागताच खाली येते, तर दोष बहुधा फॅनमध्ये, त्याच्या वायरिंगमध्ये किंवा त्याच्याभोवतीच्या आवरणात असतो. शहरात ठीक आणि महामार्गावर हळूहळू चढत जाते, तर हवा रेडिएटरमधून न जाता त्याला वळसा घालून जाते आहे, किंवा रेडिएटर आतून अर्धा बुजलेला आहे, किंवा पाण्याचा प्रवाह कमी पडतो आहे. फक्त बूस्ट आल्यावर, म्हणजे टर्बोने दाब वाढवल्यावर, तापमान झटक्याने उडी मारते आणि ओव्हरफ्लो टाकीत पाणी वाढते, तर हेड गॅस्केटकडे (इंजिन ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यामधल्या सीलकडे) संशयाने पाहावे. तापमान काही मिनिटे स्थिर, मग अचानक वर, मग अचानक खाली अशी लाट दिसत असेल, तर आत हवा अडकलेली आहे किंवा थर्मोस्टॅट अडखळतो आहे. सगळ्याच परिस्थितींत थोडे थोडे जास्त असेल, तर दाब, कूलंटचे मिश्रण आणि ट्यूनिंग यांच्यापासून सुरुवात करावी.

एक लहान चाचणी रस्त्यावरच होते. तापमान वाढत असताना केबिनचा हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा पूर्ण वेगावर करावा. चाळीस अंशांच्या हवेत हा अनुभव शिक्षेसारखा असतो, पण त्यातून बरेच कळते. कूलंट तीन-चार अंशांनी खाली आले, तर पाणी फिरते आहे आणि रेडिएटरची उष्णता टाकण्याची क्षमता थोडक्यात कमी पडते आहे. काटा वर असताना हीटरमधून गार हवा आली, तर हीटरपर्यंत पाणीच पोहोचत नाही. ताबडतोब गाडी थांबवावी.

थंड इंजिनावर करायच्या तपासण्या

गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असते आणि झाकण सैल होताच ते वाफ होऊन अंगावर येते. इंजिन बंद असतानाही फॅन आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून त्याच्या पात्यांजवळ हात घालण्यापूर्वी त्याचा प्लग काढावा. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि विषारी असते. सांडलेले तसेच ठेवले तर कुत्री-मांजरे ते चाटतात. ते गटारातही सोडू नये.

थंड इंजिनाचे झाकण उघडून पाणी काठापर्यंत आहे का ते पाहावे. ओव्हरफ्लो टाकीतली पातळी बरोबर असूनही रेडिएटर अर्धवट रिकामा असू शकतो, कारण झाकणाची आतली लहान झडप किंवा टाकीकडे जाणारी बारीक नळी खराब असेल तर थंड होताना पाणी परत ओढले जात नाही. झाकणाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, पण सगळ्या व्यवस्थेत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्णायक भाग तोच आहे. अर्धे पाणी आणि अर्धे ग्लायकॉल हे मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळते. झाकणाने सुमारे एक बार दाब धरला तर उकळण्याचा बिंदू १२५ अंशांच्या पलीकडे जातो. दाब धरला नाही तर सिलिंडर हेडच्या सर्वांत गरम कोपऱ्यांत वाफेचे खिसे तयार होतात, आणि वाफ धातूकडून उष्णता जवळजवळ घेतच नाही. हाताने चालवायच्या पंपाच्या प्रेशर टेस्टरने झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब देऊन पंधरा मिनिटे थांबावे. दाब उतरला तर गळती शोधावी. बाहेर कुठे ओल दिसली नाही तर केबिनमधल्या गालिच्याखाली हात फिरवावा, कारण हीटर कोअरची (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरची) गळती तिथे उतरते.

होस पाइप हाताने दाबून पाहावेत. रेडिएटरकडून पंपाकडे जाणारा खालचा होस हा पंपाच्या खेचण्याच्या बाजूला असतो. तो मऊ पडला असेल तर वरच्या आरपीएमला आत चिमटतो आणि प्रवाह घटतो. जागेवर हे दिसत नाही. सहायकाला आरपीएम ४,००० पर्यंत नेऊन धरायला सांगावे आणि आपण लांबून, टॉर्चच्या उजेडात पाहावे.

मिश्रणाचे प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने मोजावे. जास्त कूलंट म्हणजे जास्त गारवा, हा समज चुकीचा आहे. उष्णता वाहून नेण्यात साधे पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरस असते, म्हणून जिथे पाणी गोठण्याची भीती नाही तिथे ३० टक्के ग्लायकॉल आणि ७० टक्के डिस्टिल्ड पाणी हे प्रमाण मला योग्य वाटते. मात्र गंजरोधक रसायनांचे प्रमाण पुरेसे राहते का, हे बाटलीवर वाचून घ्यावे. बोअरचे पाणी मात्र चुकूनही घालू नये. त्यातल्या क्षारांचा थर बारीक नळ्यांत बसतो आणि दोन वर्षांत चांगला रेडिएटर निकामी करतो.

अडकलेली हवा काढण्यासाठी गाडीचे नाक जॅकवर उंच करावे, म्हणजे रेडिएटरचे तोंड सर्वांत वरचा बिंदू होते. हीटर गरमवर ठेवून, झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू करावे आणि थर्मोस्टॅट उघडून बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू पाणी भरत राहावे. या गाडीत एकूण सहा लिटर कूलंट मावते. तुम्ही पाचच लिटर भरू शकला असाल, तर उरलेली जागा हवेने व्यापलेली आहे.

हेड गॅस्केटची शंका लवकर मिटवा

ही तपासणी अनेक जण शेवटी करतात, कारण तिचे उत्तर ऐकायची कोणाची इच्छा नसते. पण टर्बो लावलेल्या इंजिनात ती आधी करावी, नाहीतर पुढच्या सगळ्या चाचण्या फसव्या ठरतात. रेडिएटरच्या तोंडावर बसवायची काचेची नळी आणि निळा द्रव असलेली चाचणी मिळते. कूलंटवरच्या हवेत ज्वलनाचा वायू असेल तर निळा रंग पिवळा होतो. ही चाचणी इंजिन जागेवर चालू ठेवून केली जाते, त्यामुळे फक्त बूस्टखाली हेड किंचित उचलले जात असेल तर ती निर्दोष दाखवू शकते. त्यासाठी कूलंटच्या दाबाचा सेन्सर बसवून लॉग करणे हा उत्तम मार्ग आहे. तापमान वाढते तसा दाब हळूहळू वाढतो, हे स्वाभाविक आहे. पण थ्रॉटल पूर्ण दाबताक्षणी दाब उसळी घेत असेल, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे. सेन्सर नसेल तर साधी खूण पाहावी. रात्रभर थंड झालेली गाडी सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच, पाणी अजून कोमट असताना, वरचा होस दगडासारखा कडक झाला तर संशय पक्का समजावा आणि लीकडाउन चाचणी (सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती कुठून गळते ते पाहणे) करून कोणता सिलिंडर ते ठरवावे.

फॅन

पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये फॅन साधारण ९७ अंशांना सुरू होतो. बोनेटखालच्या डायग्नोसिस बॉक्समधली टीएफए आणि जीएनडी ही दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडून इग्निशन चालू केले की फॅन फिरला पाहिजे. तो फिरला, पण गाडी गरम झाल्यावर आपोआप लागत नाही, तर थर्मोस्विचचा दोष आहे. फिरलाच नाही, तर रिले, फ्यूज, वायरिंग किंवा मोटर.

फॅन फिरतो एवढ्यावर समाधान मानू नये. इंजिन चालू असताना फॅनच्या प्लगवर व्होल्टेज मोजावे. बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि फॅनवर ११.५ असतील, तर मधली तार बारीक आहे किंवा अर्थिंगची जोडणी गंजलेली आहे, आणि फॅन निम्म्या जोमाने फिरतो आहे. नंतर बसवलेल्या फॅनमध्ये तारा उलट जोडल्या जाणे ही फार नेहमीची चूक आहे. मग फॅन हवा पुढे ढकलतो आणि रस्त्यावरून येणाऱ्या हवेशी झुंजतो. रेडिएटरच्या समोर कागद धरावा. तो जाळीला चिकटून राहिला पाहिजे. शेवटी आवरण पाहावे. गोल फॅन थेट जाळीला बांधला असेल तर तो फक्त आपल्यासमोरच्या वर्तुळातून हवा खेचतो, आणि रेडिएटरचे चार कोपरे बिनकामाचे राहतात.

हवा: माझा दोष इथे सापडला

बदल केलेल्या गाड्यांत सर्वांत जास्त वेळा चुकते ते इथे, आणि सर्वांत कमी पाहिले जाते तेही इथे. हवा आळशी असते. गाडीच्या तोंडातून आत आल्यावर तिला रेडिएटरच्या दाट जाळीतून जाण्यापेक्षा बाजूच्या फटीतून, वरच्या पोकळीतून किंवा खालून निसटणे सोपे वाटते, आणि मुभा दिली की ती तेच करते. मूळ गाडीत या वाटा रबराच्या पट्ट्यांनी, फोमने आणि प्लॅस्टिकच्या पत्र्यांनी बंद केलेल्या असतात. टर्बो बसवताना इंटरकूलरच्या पाइपांना वाट देण्यासाठी त्यातले निम्मे कापले जातात आणि उरलेले गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहतात.

एमएक्स-५ मध्ये इंजिनाच्या पुढच्या भागाखाली असलेला अंडरट्रे हा चिखल अडवण्यासाठी लावलेला पत्रा आहे, असे अनेकांना वाटते. त्याचे खरे काम तोंडात जमलेली दाबाची हवा गाडीच्या पोटाखालच्या कमी दाबाच्या हवेपासून वेगळी ठेवणे हे आहे. तो काढला की हवा रेडिएटरला स्पर्श न करता खाली सटकते, आणि त्यात इंजिनाच्या खोलीतला दाब वाढल्यामुळे जाळीतून जाणारी हवाही मंदावते. माझ्या गाडीचे टर्बोचे काम ज्या गॅरेजमध्ये झाले तिथे ट्रे परत लावला गेला नव्हता, आणि दोन वर्षे मी तो नसल्याचे पाहूनही त्याला महत्त्व दिले नव्हते. खोटे कशाला बोला, गाडीचे वजन कमी झाले म्हणून थोडा आनंदही झाला होता.

तपासणी अशी करावी. रात्री बोनेट उघडून रेडिएटरच्या मागे प्रखर दिवा धरावा आणि समोरून, तोंडातून पाहावे. जाळीच्या कडेने जिथून थेट उजेड दिसतो तिथून हवा निसटते. प्रत्येक फट ॲल्युमिनियमचा पत्रा, पन्हळी प्लॅस्टिक किंवा बंद छिद्रांचा फोम यांनी बुजवावी. इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्यामध्ये दोन-तीन इंचांचे अंतर असेल तर त्याच्या चारही बाजू बंद कराव्यात, नाहीतर इंटरकूलरमधून आलेली हवा तिथूनच पळ काढते. समोरची नंबर प्लेट तोंडाच्या मधोमध असेल तर ती हलवण्यासारखी आहे का ते पाहावे. या गाडीचे तोंड मुळातच लहान आहे. जाळीच्या पात्या वाकलेल्या असतील तर सरळ कराव्यात, आणि कीटक व वाळू मागच्या बाजूकडून पुढे, हलक्या धारेने धुऊन काढावी. प्रेशर वॉशरने पात्या झोपतात.

ज्याला अंदाजापेक्षा आकडा हवा आहे त्याने पाण्याचा साधा दाबमापक करावा. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षराच्या आकारात एका फळीवर बसवायची, तिच्यात रंगीत पाणी भरायचे, एक टोक रेडिएटरच्या समोर आणि दुसरे त्याच्या मागे न्यायचे, आणि सहप्रवाशाने केबिनमध्ये बसून दोन पातळ्यांमधला फरक वाचायचा. १०० किलोमीटरच्या वेगाला समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब सुमारे ४६० पास्कल, म्हणजे पाण्याची ४७ मिलिमीटर उंची इतका असतो. त्याहून मोठा फरक क्वचितच दिसेल, पण त्यातला किती भाग जाळीच्या दोन बाजूंमध्ये खरोखर उपलब्ध होतो हे मात्र समजते. माझ्या गाडीत ट्रे नसताना हा फरक ११ मिलिमीटर होता. ट्रे लावून आणि फटी बुजवून तो २६ वर गेला. हाच तो क्षण होता जेव्हा मला नव्या रेडिएटरच्या पावतीकडे पाहवेना.

हवा आत येण्याइतकेच तिचे बाहेर जाणे महत्त्वाचे आहे. बोनेटला खाचा पाडायच्या असतील तर त्या रेडिएटरच्या लगेच मागे, बोनेटच्या पुढच्या भागात असाव्यात, कारण तिथे वेगात दाब कमी असतो. बोनेटचा मागचा भाग वॉशर घालून उचलण्याची जी पद्धत आहे ती जागेवर उभ्या गाडीला थोडा दिलासा देते, पण विंडस्क्रीनच्या पायथ्याशी वेगात दाब जास्त असतो, त्यामुळे महामार्गावर तिथून हवा बाहेर जाण्याऐवजी आत येते आणि रेडिएटरमधला प्रवाह आणखी अडतो.

पाणी

हवेची बाजू निर्दोष ठरल्यावर पाण्याकडे यावे. रेडिएटरमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानांतला फरक हा इथला मुख्य पुरावा आहे. चढावर इंजिन पाण्याला ४० किलोवॉट उष्णता देत असेल आणि प्रवाह मिनिटाला १०० लिटर असेल, तर हा फरक साडेसहा अंशांच्या आसपास येतो. गाडी तापलेली असताना फरक १५ ते २० अंशांचा दिसला, तर रेडिएटर आपले काम करतो आहे पण त्याच्यातून पाणी फार थोडे जाते आहे: थर्मोस्टॅट, पंप, चिमटलेला होस किंवा बुजलेल्या नळ्या. उलट फरक तीन-चार अंशांचाच असेल, तर पाणी भरपूर फिरते आहे पण उष्णता हवेला दिली जात नाही, आणि तुम्हाला मागच्या विभागात परत जावे लागेल. होसवर बाहेरून मोजण्यापेक्षा दोन्ही होसमध्ये सेन्सरचे जोडतुकडे बसवणे जास्त विश्वासार्ह असते.

थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या भांड्यात, थर्मामीटरसोबत दोरीने टांगून गरम करावा. या इंजिनाचा मूळ थर्मोस्टॅट ८८ अंशांच्या आसपास उघडू लागतो आणि १०० अंशांपर्यंत पूर्ण उघडतो. कमी तापमानाचा थर्मोस्टॅट बसवल्याने तापण्याची सुरुवात थोडी लांबते, शेवट बदलत नाही. जो ११० अंशांना आधीच पूर्ण उघडा आहे त्याला लवकर उघडून काय साधणार? तो काढूनच टाकण्याचा सल्ला अनेक मेकॅनिक देतात. त्याने थंडीत इंजिन गरम व्हायला उशीर लागतो, झीज वाढते आणि दोष मात्र झाकला जातो.

पंपाचा पट्टा सैल नाही ना आणि पुढची पुली मूळ मापाची आहे ना, हे पाहावे. या इंजिनात पंप अल्टरनेटरच्या पट्ट्यावर चालतो, आणि ताकद वाचवण्यासाठी लावलेली लहान क्रँक पुली पंपाला कमी वेगाने फिरवते. वाहतुकीत अडकलेल्या गाडीला हे महागात पडते. रेडिएटर आतून बुजला आहे का हे पाहण्यासाठी गरम गाडी बंद करून जाळीवर थर्मामीटर ओळीने फिरवावा. आजूबाजूच्यापेक्षा बराच गार असलेला पट्टा म्हणजे बंद पडलेल्या नळ्या. गळती थांबवणारी पावडर कधी घातली गेली असेल तर हा पट्टा हमखास सापडतो. मूळ रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिकच्या टाकीचा काळा रंग तपकिरी-पिवळसर झाला असेल, तर इतर काहीही सापडो, तो रेडिएटर बदलावा. त्यानंतर तो फुटायला फार वेळ लागत नाही.

एमएक्स-५ ची एक जन्मजात अडचण इथे सांगायला हवी. हे इंजिन मुळात माझ्दा ३२३ या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या घराण्यातले आहे. तिथे पाणी पंपाच्या बाजूने शिरून हेडच्या दुसऱ्या टोकाने बाहेर पडत असे, म्हणजे चारही सिलिंडरांवरून जात असे. एमएक्स-५ मध्ये इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवल्यावर ते टोक केबिनच्या भिंतीला भिडले, म्हणून थर्मोस्टॅट पुढच्या बाजूला आणला गेला. परिणामी बरेचसे पाणी पुढून शिरून पुढूनच बाहेर पडते आणि चौथ्या सिलिंडरच्या वाट्याला मुख्यतः हीटरकडे जाणारा प्रवाह येतो. मूळ ताकदीला हे चालून जाते. दुप्पट ताकदीला चौथा सिलिंडर इतरांपेक्षा गरम राहतो आणि तिथेच आधी नॉकिंग (इंधन अनियंत्रितपणे आपोआप पेटून ठोके बसणे) होते. थर्मोस्टॅट परत हेडच्या मागे नेणारा रीरूट संच यासाठीच मिळतो. माझ्या मते ट्रॅकवर किंवा लांब चढावर जाणाऱ्या टर्बो गाडीला तो बसवावाच. पण तो रेडिएटरची क्षमता वाढवत नाही, म्हणून आकडा खाली येण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

इंजिनच जास्त उष्णता तयार करते आहे का

पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा पाण्यात जातो, त्यामुळे ताकद वाढवली की हा भार वाढणारच. प्रश्न असा असतो की तो वाढायला हवा त्यापेक्षा जास्त वाढला आहे का. मूळ ईसीयू असेल तर त्याच डायग्नोसिस बॉक्समधली टीईएन आणि जीएनडी ही टोके जोडून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, टायमिंग लाइटने पाहावे. मूळ टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असतो त्या बिंदूच्या) १० अंश आधी असते. नव्या ईसीयूत स्क्रीनवर दाखवलेले टायमिंग आणि पुलीवर लाइटने दिसणारे टायमिंग जुळते का, हे बघितल्याशिवाय नकाशातल्या कोणत्याही आकड्याला अर्थ नसतो. टायमिंग फार मागे असेल तर जळणे लांबते आणि एक्झॉस्टच्या वाटांभोवतीचे पाणी जास्त तापते. फार पुढे असेल तर नॉकिंग होते, आणि नॉकिंगमुळे धातूवरचा वायूचा पातळ संरक्षक थर मोडून उष्णता भिंतींत वेगाने शिरते. बूस्टखाली वाइडबँडवर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या मापकावर) हवा-इंधन प्रमाण ११.५ च्या आसपास असावे. ते १२.५ कडे सरकत असेल तर कूलंटची चिंता बाजूला ठेवून आधी फ्युएल पंप आणि इंजेक्टर पाहावेत.

ऑइलचे तापमानही लॉग करावे. ते १३० अंशांच्या वर जात असेल तर वेगळा ऑइल कूलर लागेल, आणि तो रेडिएटरच्या समोर न बसवता बाजूला, स्वतःच्या हवेच्या वाटेवर बसवावा; नाहीतर एका दुखण्याचे औषध दुसऱ्याचे कारण होते.

मर्यादा आणि फेरतपासणी

झाकण दाब धरत असेल तर चढावर थोडा वेळ १०५ अंश मला चालतात. ११० ला मी थ्रॉटल सोडतो आणि ११५ ला थांबण्याची जागा शोधतो. थांबल्यावर पाणी जागेवर असेल तर इंजिन लगेच बंद करू नये. हीटर चालू ठेवून १,५०० आरपीएमवर दोन-तीन मिनिटे फिरू द्यावे. मात्र वर गेलेला काटा आपोआप झपकन खाली आला आणि हीटर गार पडला, तर सेन्सर पाण्याऐवजी हवेत उघडा पडला आहे; इंजिन त्याच क्षणी बंद करावे.

एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर तोच चढ, त्याच गियरमध्ये, त्याच वेगाने चढून आकडा बाहेरच्या तापमानासह लिहावा. माझ्या वहीत ट्रे आणि फटींच्या कामानंतरची नोंद ४१ अंशांच्या हवेत १०२ अशी आहे. त्यानंतर कुतूहल म्हणून जुना रेडिएटर परत बसवून पाहिला, आणि त्याच हवेत तो १०५ वर थांबला. कूलंट पूर्ण बदलल्यावर पहिल्या तीन थंड-गरम फेऱ्यांनंतर पातळी पुन्हा तपासावी. माझ्या गाडीने तिसऱ्या सकाळीसुद्धा अर्धा कप पाणी घेतले होते.